बीजीएमआय: काढून टाकावं की रविवारपुरतं ठेवावं?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सांगलीच्या विश्रामबागेतली आमची चौकडी रात्री दोन-दोनपर्यंत पबजीत. २ सप्टेंबरला बंदी आली तेव्हा अक्षरशः सुतक पाळलं. जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), आलं आणि पुन्हा सगळे कामाला लागलो. आता मात्र गेममधल्या पोचिंकी गावावर पॅराशूट उघडतानाच जांभई येते.

मग काढून टाकायचं? फायदा उघड आहे: फोनमधले काही जीबी मोकळे होतात आणि रँकची कटकट संपते. तीच खरी डोकेदुखी. सीझन बदलला की रँक खाली घसरते, परत तोच डोंगर चढा. स्किन (बंदुका-कपड्यांची सजावट) जातील ही भीतीही फुकाची, त्या अकाउंटला जोडलेल्या असतात, पुन्हा लॉगिन केलं की हजर.

ठेवायचं असेल तर क्लासिकच्या वाटेला जाऊ नये. म्हणजे एरँगलच्या नकाशावर शंभर जणांत अर्धा तास लपतछपत काढायचा आणि शेवटी झुडपातून कुणीतरी टिपणार! त्यापेक्षा वेअरहाउस या छोट्या नकाशावरचं टीडीएम (टीम डेथमॅच) बरं. चार विरुद्ध चार, आधी ४० किल करेल तो संघ जिंकला, दहा मिनिटांच्या आत निकाल.

माझं मत ठेवण्याकडे झुकतं, पण गेमसाठी नाही. एक जण पुण्यात, एक बंगळुरात. माइक चालू केल्याशिवाय आम्ही बोलत नाही. गेल्या रविवारी गेममध्ये तिघेही मेलो आणि लॉबीत, म्हणजे गेमच्या वेटिंग रूममध्ये, पाऊण तास कृष्णेच्या पाण्यावर गप्पा मारत बसलो. चौथा एकटाच खेळत होता, शिव्या देत.