ओल्ड वॉर्डन: एरंडेलाच्या वासाचं विमानतळ

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

भाचा बेडफर्डला असतो, त्याच्याकडं मी आणि आबा गेलतो. आबा म्हणजे आमचे वडील, वय ७८, सगळी हयात जिंतूर तालुक्यात शेतात गेली. लंडन दाखवलं तर म्हणले, गर्दीच बघायची तर परभणीचा उरूस काय वाईट होता. मग भाच्यानं ओल्ड वॉर्डनला नेलं, बेडफर्डशायरातलं एवढंसं खेडं, आणि त्याला लागूनच शटलवर्थ कलेक्शन म्हणून जुन्या विमानांचं म्युझियम हाय.

गाव म्हणजे दुपारी दोनला रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरांवर काडाची छपरं आणि त्याच्या कडा तर न्हाव्यानं मशीन मारल्यासारख्या सरळ. एकोणिसाव्या शतकात ओंगली नावाच्या लॉर्डानं हे मुद्दाम चित्रासारखं बसवलं म्हणे, आणि घरांच्या लाल रंगाला शोभावं म्हणून गावकऱ्यांना लाल झगे अन उंच टोप्या घालायला लावायचा अशी गोष्ट सांगतात. आबा म्हणले, "आपल्याकडं असा पाटील असता तर लोकांनी त्यालाच टोपी घातली असती."

आता म्युझियम. आबा आधी बळंच चालले होते, पण भाच्यानं सांगितलं की शटलवर्थांचा पैसा मूळचा मळणी यंत्रांचा, लिंकनला यांचा कारखाना होता, वाफेची इंजिनं आणि मळणी यंत्रं बनवायचे, त्याच्यावर १८७२ ला ही सगळी इस्टेट घेतली. तिथून आबांचा चेहराच बदलला. यांचाच नातू रिचर्ड, गाड्या-विमानांचा भयंकर नाद, १९२८ पासून जमवायला लागला, १९३३ ला तर एकच माणूस बसंल असलं चिमुकलं कॉम्पर स्विफ्ट विमान घेऊन थेट दिल्लीच्या विमानशर्यतीला आलता. १९४० ला एअरफोर्सच्या ट्रेनिंगमधी विमान पडून गेला, वय ३१. आईनं पोराच्या आठवणीत १९४४ ला ट्रस्ट केला, तोच आजपर्यंत चाललाय.

इथली खरी मजा म्हणजे विमानं काचेत ठेवलेली नाहीत, बहुतेक उडवतात, आणि धावपट्टी डांबरी नाही, गवताची. आम्ही शोच्या दिवशी गेलतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं अव्रो ५०४ सुरू केलं, आता त्याचं इंजिन कसं तर पंख्याबरोबर आख्खं इंजिनच गरगरा फिरतंय, निळा धूर झाला अन वारा आमच्याकडं आला. आबांनी नाक वर केलं, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि मोठ्यानं म्हणले, "अरे हे तर एरंडेल! वंगणाचं!" मी म्हणलं काहीतरीच काय आबा. पण खरंच निघालं. या इंजिनांना एरंडेलच घालतात, कायकी ते पेट्रोलमधी विरघळत नाही. बैलगाडीच्या आसाला जे आम्ही लहानपणी घालायचो तेच. तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला भाच्यानं हे इंग्रजीत सांगितलं तर तो आबांना दोरीच्या पलीकडं घेऊन गेला, पंखावर पडलेला तेलाचा थेंब बोटावर घेऊन आबांनी दोन बोटांत घासून बघितला, जसं दुकानात तेल बघतात तसं, आणि मान हलवली. पास.

लाल रंगाचं कॉमेट चुकवू नका, १९३४ ची इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यत जिंकलेलं, मधी अलाहाबादला थांबलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान स्पिटफायर पण हाय. तिथं मी आबांना म्हणलं की १९१८ ला आपल्या निजामानं इंग्रजांना विमानांची आख्खी तुकडी घेऊन दिली, ११० नंबरची, तिचं नावच हैदराबाद, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या १५२ नंबरच्या स्पिटफायरवाल्या तुकडीला पण हैदराबादच नाव. आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणले, "म्हणजे आमच्या आज्यानं दुष्काळात भरलेला सारा इकडं आला व्हय. अन वर आपण तिकीट काढलं." ते हैदराबाद लिहिलेलं एक विमान लंडनच्या हेंडनच्या आरएएफ म्हणजे इंग्रजी हवाई दलाच्या म्युझियममधी हाय, मराठवाड्यातल्या माणसानं ते बघूनच यावं.

अर्धा मार्क ब्लेरियोसाठी कापला. १९०९ चं विमान, अजून उडू शकणाऱ्यांत जगात सगळ्यात जुनं मानतात, काठ्या, तारा अन कापड, सायकलीसारखी चाकं. पण जरा वारा असला की ते बाहेर काढत नाहीत, आणि आमच्या दिवशी वारा होता. चूक कोणाचीच नाही, तरी मन खट्टू झालं ते झालंच. असली नाजूक विमानं बघायची तर संध्याकाळचा शो धरा, उन्हं कलल्यावर वारा पडतो.

गाडी नसंल तर जायच्या आधी परतीची सोय करा. जवळचं रेल्वे स्टेशन बिगल्सवेड, तिथून येताना टॅक्सी मिळाली, जाताना तोच टॅक्सीवाला फोनवर "पाच मिनिट" म्हणत पाऊण तास आलाच नाही, म्हणजे हे वाक्य सगळीकडं सारखंच. तोपर्यंत आबा एका घराच्या कुंपणापाशी उभं राहून छपराचं काड मोजत होते, आतून एक बाई आली, मला वाटलं आता बोलणी बसतात, तर तिनं विचारलं चहा घेणार का. आबांनी मराठीतच सांगितलं, साखर दोन चमचे.