बोईसर की उरण? नाशिकवाल्याने कुठली नोकरी धरावी

भाच्याचं आयटीआय झालं, फिटर, आणि एकदम दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक बोईसरला तारापूर एमआयडीसीत, दुसरं उरणला कंटेनर यार्डात. नाशिकला सातपूरच्या घरात रोज जेवताना हाच विषय. मी दोन्हीकडे थोडे थोडे दिवस काढलेत म्हणून लिहितोय.

नकाशात बोईसर जवळ दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता, त्यात जव्हारच ८० किमी, आणि घाटात पावसाळ्यात धुकं असं उतरतं की ड्रायव्हर काचेला नाक लावून गाडी हाकतो. एकदा आमची बस मोखाड्याच्या अलीकडे बंद पडली, शेजारच्या मावशींनी टोपलीतली करवंदं सगळ्यांना वाटली, दोन तास तेवढ्यावर निघाले. रेल्वेने जायचं तर सरळ गाडी नाहीच. कल्याणला उतरा, दिव्याला या, तिथून वसईची मेमू गाडी, ती दिवसातून मोजक्या वेळा, मग डहाणू लोकल. ही लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते पण विरारच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की बसा फलाटावर.

उरणचं उलटं. लांब आहे, पण वाट सोपी. पंचवटी एक्स्प्रेसने ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर लोकलने नेरूळ, मग उरण लोकल. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपरच्या पुढची लाईन सुरू झाली आणि उरणचं नशीबच पालटलं, अटल सेतूही त्याच दिवशी. त्याआधी आम्ही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या धक्क्याची, लाँच धरायचो. ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही, समोर नुसता काळा चिखल आणि आपण डबा मांडीवर घेऊन बसलेलो.

राहायला म्हणाल तर बोईसरला केमिकलचा वास, नवख्याला पहिला आठवडा डोकं दुखतं. पण सातपाटीचा पापलेट जवळ, चिंचणीचा किनारा जवळ, रविवार बरा जातो. उरणला ट्रेलरच्या रांगा, बाईक चालवायची तर जीव मुठीत धरून.

पुढचं बघायचं तर बोईसरकडे वाढवण बंदर येतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. तिथल्या मच्छीमारांचा कडक विरोध आहे आणि तो मला पटतो, कारण उरणकरांनी जेएनपीटी बंदरासाठी जमिनी दिल्या आणि १९८४ ला सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी गोळ्या खाल्ल्या. पण नोकरीपुरतं बोलायचं तर बंदर उभं राहायला अजून वर्षं आहेत, त्या आशेवर आज बोईसर धरू नये.

माझं मत उरण, कारण पोरगा दर शनिवारी घरी येणार, आईच्या हातचं खाल्ल्याशिवाय त्याला जमत नाही. स्वतःची बाईक असती आणि महिन्यातून एकदाच यायचं असतं तर बोईसर म्हणालो असतो. ताई मात्र अजून नकाशावर बोट ठेवून म्हणते, "अरे पण हे बघ ना, किती जवळ आहे!"