अमेरिकेतल्या रुग्णालयातील मराठी दुभाषी सेवा : पारोळ्याच्या आईसाठी घेतलेला अनुभव

बहिणीच्या घरी न्यू जर्सीला आम्ही मायलेक चार महिने राहिलो. त्या काळात आईच्या हृदयाच्या तक्रारीसाठी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात पाच वेळा जावे लागले. जळगाव-धुळ्याकडचे पुष्कळ आईवडील आता मुलांकडे परदेशात जाऊन राहतात. जाताना आपण विमा काढतो, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवतो, कळण्याचे पीठसुद्धा बॅगेत भरतो. पण डॉक्टरसमोर बसल्यावर आई कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आला नव्हता. म्हणून त्या रुग्णालयाने दिलेल्या दुभाषी सेवेविषयी, तिच्या उणिवांसह, सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यात आधी हे सांगितले पाहिजे की ही सेवा उपकार म्हणून मिळत नाही. ज्या रुग्णालयांना मेडिकेअर, मेडिकेडसारख्या सरकारी आरोग्य विमा योजनांतून तिथल्या केंद्र सरकारचा पैसा मिळतो, त्यांना 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण आणि 2010 च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम 1557 लागू होते. त्यानुसार इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला पात्र दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो. याच विषयावरचा 2000 सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च 2025 मध्ये मागे घेण्यात आला असला, तरी हे दोन्ही कायदे कायम आहेत. आमच्या एकाही बिलात दुभाष्यासाठी पैसे लावलेले नव्हते.

पहिल्या भेटीचा अनुभव मात्र चांगला नव्हता. आम्ही भारतातले, एवढे पाहून नोंदणीच्या खिडकीवर आईच्या नावापुढे परस्पर ‘हिंदी’ लिहिले गेले, आणि तपासणीच्या खोलीत परिचारिकेने फोन लावून हिंदीचा दुभाषी जोडून दिला. आईने आपल्या अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, सांगितले, “मना जीव घाबरा व्हस, डोयासमोर अंधारी येस.” जीव घाबरा होणे म्हणजे छातीत धडधड होऊन कासावीस होणे, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. फोनवरच्या गृहस्थांनी त्यातला ‘घाबरा’ तेवढा उचलला आणि आईला भीती वाटते, असे इंग्रजीत सांगितले. पुढची पंधरा मिनिटे तिला झोप, काळजी आणि घरच्या ताणाविषयी प्रश्न विचारले गेले, तर डोळ्यांसमोरच्या अंधारीचा उल्लेख कागदावर आलाच नाही. 1980 मध्ये फ्लोरिडात 18 वर्षांच्या एका तरुणाबाबत असेच घडले होते. घरच्यांनी वापरलेल्या एका स्पॅनिश शब्दाचा अर्थ अमली पदार्थांचा अतिरेक असा घेतला गेला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि तो ओळखायला उशीर झाल्याने त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्या प्रकरणात पुढे सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड झाली. हे मी नंतर वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या भेटीत बहीण म्हणाली, मीच सांगते. छातीला लावलेल्या यंत्राच्या नोंदीवरून हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे निदान झाले होते. डॉक्टर दोनेक मिनिटे बोलले आणि बहिणीने आईला एका वाक्यात सांगितले, “काही नाही गं माय, एक गोळी घ्यायची आहे.” हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो, हे तिने पूर्ण गाळले. तिने मायेपोटीच गाळले, यात शंका नाही. तिच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. डॉक्टरांच्या मात्र ते लगेच लक्षात आले. त्यांनी बोलणे थांबवून मराठीचा दुभाषी व्हिडिओवर मागवला. घरच्या माणसाने दुभाषी होऊ नये, हा तिथला नियम मला सुरुवातीला परकेपणाचा वाटला होता. आता वाटत नाही.

चाकांच्या स्टँडवर बसवलेला एक टॅब्लेट आईच्या खाटेजवळ आणला गेला आणि पडद्यावर चाळिशीच्या एक बाई दिसल्या. त्यांनी आपला दुभाषी म्हणून असलेला ओळख क्रमांक सांगितला, इथले बोलणे बाहेर जाणार नाही असे सांगितले, आणि “काकू, तुम्ही माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे बघून बोला” अशी विनंती केली. त्यांची मराठी पुण्याकडची होती आणि आईच्या तोंडात ‘ळ’ नाहीच. आमच्याकडे गोळीची गोयी होते आणि डोळ्याचा डोया. ‘डोया’ ऐकल्यावर त्या अडल्या. पण त्यांनी अंदाज बांधला नाही. डॉक्टरांना सांगून त्यांनी आईलाच अर्थ विचारला, आईने बोट डोळ्याला लावून दाखवले, आणि पहिल्या दिवशी हरवलेली अंधारी तिसऱ्या आठवड्यात एकदाची कागदावर उतरली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव निघताच आई म्हणाली, “रगत पातय व्हयनं ते आंगम्हा ताकद कशी ऱ्हाई?” बाईंनी स्वतः समजूत घातली नाही; आईची शंका होती तशी डॉक्टरांपुढे ठेवली आणि त्यांचे उत्तर वाक्य न् वाक्य परत आणले. दुभाष्याने सल्ला द्यायचा नसतो, हे त्या वेळी मला नीट उमगले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मराठीचा माणूस लगेच मिळत नाही. चौथ्या भेटीत आम्ही पाऊण तास थांबलो, कारण भेट ठरवताना भाषा कळवायची राहून गेली होती. स्पॅनिश, मँडरिन, अरबी, रशियन अशा मोजक्या भाषांसाठी तिथे वैद्यकीय दुभाष्यांची त्या भाषेतली परीक्षा असते, मराठीसाठी तशी नाही. त्यामुळे कोण भेटेल यावर बरेच अवलंबून राहते. अहिराणी तर यादीत नव्हतीच. 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली 18 लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे, तरी परदेशात आपल्याला मराठीवरच भागवावे लागते. म्हणून भेट ठरवतानाच ‘हिंदी नको, मराठी हवी, बोली अहिराणी आहे’ असे स्पष्ट कळवावे, फोनऐवजी व्हिडिओ मागावा, आणि एखादा दुभाषी जमला तर त्याचा क्रमांक टिपून ठेवावा. तोच माणूस पुन्हा मिळेल याची खात्री नसते, पण मागता येतो. आम्हाला एकदा मिळाला.

परत आल्यावर मावसभावाला भेटायला नंदुरबारला एका दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक बाई होती. तिला पावरी बोलीशिवाय काही येत नव्हते आणि डॉक्टर मराठीत विचारत होते. मध्ये उभा होता तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. आईच्या पाळीविषयीचा प्रश्न त्याला विचारला गेला तेव्हा तो खाली बघत गप्प राहिला, आणि डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले. रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती मिळावी, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपल्याकडेही लिहिलेले आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडून येणाऱ्या रुग्णांसाठी पावरी आणि भिली जाणणारी दोन-चार माणसे, निदान फोनवर तरी, पगार देऊन नेमणे आपल्या जिल्ह्यांना अशक्य आहे असे मला वाटत नाही. त्याच भागातल्या आशाताई आजही हे काम विनामोबदला करतातच.

शेवटच्या भेटीत हातात पडलेला सूचनांचा कागद पूर्ण इंग्रजीत होता. विनंती केल्यावर पडद्यावरच्या बाईंनी तो ओळीने मराठीत वाचून दाखवला. विनंती केली नसती तर तो तसाच घरी आला असता. मग डॉक्टरांनी आईला विचारले, आता घरी गेल्यावर काय करायचे ते तुमच्या शब्दांत सांगा. आई ताठ बसली आणि म्हणाली, “एक गोयी सकायले, एक रातले. दात घसतांना रगत उनं ते लगेच फोन करना.” बाईंनी ते इंग्रजीत सांगितले, या वेळी काहीही न विचारता.