"काका, आम्हीपण लश्करचेच" म्हणणारा शेगडीवाला

माझे ८७,५०० रुपये गेले. आकडा आधी लिहितो, कारण दहा महिने तो घरातही पूर्ण सांगितला नव्हता. लाकडाची, धूरही जाळणारी शेगडी ६८,५००, पाइप आणि बसवणावळ ७,२००, आणि नंतर 'इंपोर्टेड कॅटॅलिस्ट'चे, म्हणजे तिच्यातल्या धूर जाळणाऱ्या जाळीचे, ११,८००.

नोव्हेंबरात तो ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या दारावर आला आणि पहिलंच वाक्य मराठीत बोलला. आजोबा कुठल्याशा सरदारांकडे कारकून, लहानपणी गणपतीची आरती आमच्याच गल्लीत. ग्वाल्हेरात दिवसभर बाहेर हिंदी बोलणाऱ्यांना कळेल, आपली भाषा कानावर पडली की आपण दार पूर्ण उघडतो. पक्कं बिल मागायचा संकोच वाटला तो त्यामुळेच.

आणि मी हौस म्हणून घेतली नाही. आई ८४ वर्षांची, जुन्या वाड्यातली उंच छताची खोली, जानेवारीच्या रात्री पारा ४-५ अंशांवर. वीज गेली की हीटर नुसता शोभेला. परसात बाभळीची लाकडं पडून होती. बंद शेगडी, धूर बाहेर, थोड्या लाकडात रात्रभर ऊब, यात न पटण्यासारखं काय होतं?

तंत्र खरं आहे, म्हणूनच फसायला होतं. लाकडाचा धूर एरवी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पेटतो. पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचा लेप दिलेल्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून गेला की साधारण २६० अंशांवरच जळू लागतो. पण पेटवताना धूर जाळीला वगळून थेट धुराड्यात सोडावा लागतो, आणि तापमापक २६०च्या वर गेला की मगच बायपासची झडप बंद करायची. जाळी थंड असताना धूर तिच्यात कोंबला तर ती काजळीनं बुजते.

आमच्या शेगडीला झडपच नव्हती. तापमापकही नव्हता. त्यानंच दिलेल्या छापील कागदावर झडपेचा दांडा स्वच्छ दिसत होता. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुठाय?" तो म्हणाला, "काका, ते जुनं मॉडेल. हे ऑटोमॅटिक." मी मान डोलावली! मग त्यानं शेगडी पेटवून दाखवली ती खोक्याच्या रंगीत, चकचकीत पुठ्ठ्यावर आणि ऑइलपेंट दिलेल्या फळीच्या तुकड्यावर. रंगीत कागद, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड यांनी तो लेप निकामी होतो. खरी शेगडी विकणारा हे कधीच करणार नाही. मी तीन फुटांवर उभा होतो. ३४ वर्षं हिशेब तपासण्यात घालवली, आणि कागद एक सांगतोय नि माल दुसराच आहे, हे दिसूनही बोललो नाही. रात्री अजून तेच आठवतं.

मागच्या बाजूला अमेरिकेच्या ई.पी.ए. या सरकारी पर्यावरण संस्थेच्या प्रमाणपत्राचा स्टिकर होता. त्यांची प्रमाणित मॉडेलांची यादी इंटरनेटवर खुली आहे. मॉडेलचं नाव आधी तिथं शोधा. मी नंतर शोधलं. नव्हतं.

डिसेंबरात एका रात्री आईची खोली धुरानं भरली. सुनेला जाग आली, तिनं खिडक्या उघडल्या म्हणून निभावलं. धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास. त्याचा अलार्म आधी घ्या, शेगडी मग.

फोन केला तर म्हणाला, लाकूड ओलं होतं, कॅटॅलिस्ट तडकला. ओल्या लाकडानं जाळी तडकू शकते, लाकडात २० टक्क्यांहून कमी ओलावा हवा, हे मी वाचलं होतं, म्हणून चूक आपलीच वाटली. ११,८०० यूपीआयनं पाठवले. पार्सल 'निघालं' होतं, ते नऊ दिवस निघतच राहिलं, मग फोन बंद. तेव्हा कुठे जाळी बाहेर काढली. भाजक्या मातीची चाळणी, वर चंदेरी रंग. नखानं खरवडला.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी, "सामान तो मिला न आपको?" तिसऱ्या दिवशी कच्च्या पावतीवरचा पत्ता परराज्यातला निघाला, तर "वहीं जाइए." ७१व्या वर्षी परक्या राज्यात जाऊ? एक जण माझ्या तोंडावर हसला. अर्जात मी लिहिलं होतं की म्हातारी आई गुदमरून गेली असती, त्यांनी नोंद केली 'सामान ख़राब'. बँकेत उत्तर, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हे तिथंच कळलं, नऊ दिवस उलटल्यावर. तुम्ही नऊ मिनिटंही थांबू नका.

आणि "वहीं जाइए" हे ग्राहक तक्रारीला लागूच नव्हतं! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते, मालाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. हे मला चार महिन्यांनी शेजारच्या वकीलबाईंनी सांगितलं. इतक्या खुर्च्यांपुढे उभा राहिलो, त्यांतल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. चाळणी पुरावा म्हणून धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली आहे. परवा कळलं, दौलतगंजात ओळखीच्या घरी कोणी मराठी बोलणारा शेगडीचा कागद देऊन गेला. तिथं आजी एकट्याच असतात. मी त्यांना फोन केला, आणि मग हे लिहायला बसलो.