वाळूतलं टेबल फोटोपुरतं, जेवायला व्हरांडा

माजोर्ड्यापासून मोबोरच्या टोकापर्यंत दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या किनाऱ्यावर रिसॉर्टांची रांगच लागली आहे, आणि बहुतेकांकडे समुद्राच्या अंगाला एक ‘खास’ रेस्टॉरंट असतंच. साठी, लग्नाची पंचविशी, साखरपुड्यानंतरचं दोन्ही घरांचं पहिलं एकत्र जेवण, अशा निमित्तांनी मडगाव-फोंड्याकडची मंडळीही आता तिकडे वळतात. पैसे दणकून लागतात. वसूल होतात का? होतात, पण चुलीपासून टेबल किती लांब आहे यावर ते ठरतं, आणि बुकिंग करताना नेमकं हेच कोणी विचारत नाही.

वाळूवरचं टेबल घ्या. मशाली, पांढरे पडदे, पुढ्यात लाटा. फोटो झकास येतात. स्वयंपाकघर मात्र शंभर-दीडशे मीटर मागे. मासळीचा तुकडा तव्यावरून उतरला तरी आतल्या उष्णतेने शिजतच राहतो. झाकणाखाली चार मिनिटं वाळू तुडवत आला, की वाफेने रव्याचं कुरकुरीत कवच मऊ पडतं आणि आतला मासा कोरडा होतो. यात आचाऱ्याचा दोष नाही. समुद्रावरच्या दमट हवेत पापड, पोई या गोव्याच्या पावाचा कडक पापुद्रा, डेझर्टवरची साखरेची जाळी, काहीच दहा मिनिटांपुढे टिकत नाही. मार्च ते मे खारा वारा दिवेलागणीनंतरही जोरात असतो. काचेच्या चिमणीत नसेल तर मेणबत्ती विझते, आणि सॉसमध्ये वाळूचे कण येतात ते वेगळेच. खुर्चीचे पाय रुततात, म्हणून गालिच्याखाली प्लायवूड घातलंय का ते आधी विचारा. पुनवेला-अवसेला भरती जास्त आत येते, त्या दिवसांत टेबल कुठे मांडणार हेही विचारा. गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर हा बेत सोडूनच द्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून अंडी घालण्याचा हंगाम असतो. तिथे रात्री वाळूवर दिव्यांचा लखलखाट करायचा हट्ट धरू नये आणि कोणी देऊ केला तरी घेऊ नये.

मग करायचं काय? सूर्यास्त वाळूवर, जेवण व्हरांड्यात. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आगेमागे बुडतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. बुडण्याआधी पाऊण तास पोचा, वाळूवर एक पेय आणि फोटो उरका, आणि अंधार पडल्यावर स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या, पण वाऱ्याला पाठ असलेल्या टेबलावर जा. टेबल क्रमांक लिहून मागा. ‘सी-फेसिंग’ या शब्दावर विसंबू नका. रात्री साडेसातनंतर समुद्र हा नुसता काळा पट्टा असतो, त्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

बुकिंग करताना आणखी एक प्रश्न: त्या संध्याकाळी लॉनवर लग्न आहे का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरगावच्या लग्नांचा हंगाम. तीनशे पानांचं लग्न असलं की चांगले हात तिकडे जातात आणि खास रेस्टॉरंटात शिकाऊ पोरं उरतात. वर डीजे. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद व्हावा लागतो, पण तोवर तुमचं जेवण आटोपलेलं असतं. २४ आणि ३१ डिसेंबरला बहुतेक ठिकाणी ठरलेला गाला डिनर घ्यावाच लागतो. त्या दोन रात्री पैसे सर्वांत जास्त आणि जेवण सर्वांत सुमार. निमित्त या दोन्ही रात्री टाळून पुढे ढकला.

आता मासळी. मेन्यूवर ‘आजची मासळी, बाजारभावाने’ असं लिहिलेलं असतं. ट्रे टेबलाशी मागवा. डोळे फुगीर आणि नितळ, कल्ले लाल, बोटाने दाबलं की मांस लगेच वर आलं पाहिजे. भाव किलोवर असो वा शंभर ग्रॅमवर, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं हे तिथेच विचारा. भांडणं नेमकी इथेच होतात. शेवंडीचं (लॉबस्टरचं) तर जवळजवळ दोन तृतीयांश वजन टरफलातच जातं. सहाशे ग्रॅमची शेवंड म्हणजे ताटात दोनशे ग्रॅमच्या आसपास मांस, एका माणसाला पुरेल इतकंच. शिजून आल्यावर शेपूट आत वळलेली असेल तर ती जिवंत असताना शिजवलेली. सरळ, सैल पडलेली असेल तर आधीच मेलेली. लसूण-लोणी मागवा, चीज घालून भाजलेली नको. चीजखाली शेवंड जास्त शिजून रबर झाली तरी कळत नाही. रेशादचंही तसंच. व्हिनेगर आणि लाल मिरचीचा तो मसाला बांगड्यात भरावा तो गोव्यानेच, पण शिळा वास झाकायलाही तोच कामी येतो. नव्या ठिकाणी पहिला तुकडा साधा, मीठ-हळद-रव्यातला मागवावा. तो जमला तर पुढचं बिनधास्त मागवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. त्या काळात कुटबण-बेतूलच्या जेटी थंड असतात, तेव्हा मेन्यूवरचा ‘ताजा’ इसवण (सुरमई) बर्फातला किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेला असणार. तिकडची बंदी १४ जूनला संपते. पावसाळ्यात जायचंच असेल तर चणक, कालुंदर हे खाडीतले मासे, खाजनातली म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतली सुंगटं (कोळंबी), खेकडे मागावेत. खोल्या स्वस्त असतात, वाढपी निवांत असतात आणि काचेआडून खवळलेला दर्या दिसतो. आमच्या मते तोच खरा मोसम.

टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले छोटे छोटे कोर्स) घेतलात तर सात कोर्सना अडीच तास धरा. दोन कोर्समध्ये वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला तर आत गडबड आहे असं समजा. शेफची पारख काल्दिनवर होते. पिवळसर, सौम्य, नारळाच्या रसातलं हे कालवण. दाट रस शेवटी घालून उकळी येण्याआधी उतरवायचं असतं. तासभर गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलं की रस फाटतो, वर तेलाचे डोळे आणि खाली कणी. ताटात तसं दिसलं तर परत पाठवा. खास निमित्ताचे पैसे मोजलेल्या माणसाने संकोच करू नये.

शाकाहाऱ्यांचे मात्र हाल. गुरुवार, संकष्टी किंवा श्रावण पाळणारी माणसं टेबलावर असतातच, आणि त्यांच्यापुढे येतं कोंबडी-मटणाच्या शाकुतीच्या वाटणातलं पनीर. गोव्यात खतखतें, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक एवढे शाकाहारी पदार्थ असताना! पण दोन दिवस आधी फोन करून सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी खतखतें करतात. त्यात तिरफळ आहे ना, एवढं बघा. नसेल तर ती नुसती मिश्र भाजी.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रिसॉर्टांत ती अजून कॉकटेलात लपवूनच देतात. मार्च ते मेमध्ये उर्राक, म्हणजे एकदाच गाळलेली काजूची दारू, विचारा. हलकी असते, लिमका आणि मिठाच्या चिमटीबरोबर मासळीला वाइनपेक्षा बरी जाते. स्वतःची बाटली नेणार असाल तर कॉर्केज (ती उघडून देण्याचा आकार) आधी ठरवा. घरचा केक नेला तर तो कापायचेही पैसे लावणारी ठिकाणं आहेत.

गोड म्हणजे बेबिंका, गोव्याचा थरांचा केक. थर एकेक करून काट्याने सुटे झाले पाहिजेत, प्रत्येकाच्या माथ्यावर भाजल्याची तपकिरी रेघ हवी. मायक्रोवेव्हमध्ये जास्त तापवली की तूप सुटून बशीत तळं होतं. कोमट मागा, आइस्क्रीम बाजूला.

बिल नीट वाचा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के. बाहेरच्या साध्या हॉटेलात तो ५ टक्के. दारूवर वेगळा व्हॅट. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर त्याच्यावरही जीएसटी चढतो: १०,०००चं जेवण १२,९८०ला पडतं. हा चार्ज आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगितलं की बहुधा मुकाट काढतात. वाढप्याने खरोखर सांभाळून घेतलं असेल तर तेवढेच पैसे त्याच्या हातात द्या.

ओला-उबर इथे नाही, आणि रात्री अकराला केळशीच्या रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही. बेबिंका मागवतानाच रिसेप्शनला गाडीचं सांगून ठेवा.