पांढऱ्या पट्ट्यांची मोठी पीस लिली : चौदा महिने घरात सांभाळल्यानंतर

मागच्या वर्षी जानेवारीत पुण्यातल्या एका नर्सरीतून हे झाड १२०० रुपयांना आणलं. नर्सरीवाल्यांनी नाव सांगितलं 'व्हेरिगेटेड सेन्सेशन'. पीस लिलीच्या जातींत सेन्सेशन सगळ्यांत थोराड. आमच्याकडे आलं तेव्हा दोन फूट होतं, आज पावणेतीन फूट आहे. चुन्याचा ब्रश ओढून मध्येच उचलावा तसे पानांवर पांढरे पट्टे आहेत, आणि चौदा महिन्यांत एकाही पानाची नक्षी दुसऱ्यासारखी निघालेली नाही. मी या झाडावर खूश आहे. पण घेताना जे ऐकलं होतं त्यातलं निम्मं साध्या हिरव्या पीस लिलीला लागू पडतं, हिला नाही.

पहिली गोष्ट उजेडाची. 'अंधाऱ्या कोपऱ्यातही चालतं' असं सगळे सांगतात, म्हणून टीव्हीशेजारी ठेवलं. तीन महिन्यांत एक नवं पान आलं नाही. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे अर्धं पान कमावतं आणि पूर्ण पान खातं. मग पूर्वेच्या खिडकीपासून चार फुटांवर, पातळ पडद्यामागे हलवलं आणि तीन आठवड्यांत पहिली सुरळी दिसली. उजेड हवा, पण ऊन नको. मे महिन्यात आठवडाभर पडदा धुवायला काढला होता, तेवढ्यात दोन पानांचे पांढरे पट्टे कागदासारखे करपले. त्याच पानांचा हिरवा भाग शाबूत राहिला.

आता पाणी. या झाडाचं सगळं बरंवाईट शेवटी पाण्यापाशी येतं, म्हणून इथे जरा थांबते.

सुरुवातीचे पाच-सहा महिने सोपे गेले. सकाळी माना टाकलेल्या दिसल्या की पाणी घालायचं, दुपारपर्यंत झाड तरारून उभं. तीच सवय जुलैत नडली. माना टाकल्या, पाणी घातलं, झाड उठलं नाही. तहान जास्त असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. चौथ्या दिवशी खालची तीन पानं पिवळी आणि कुंडीला कुबट वास. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून गड्डा बाहेर काढला. चांगलं मूळ पांढरट, सुतळीसारखं, दाबलं तर कडक. सडलेलं मूळ तपकिरी; चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. जवळजवळ तिसरा हिस्सा मुळं कापावी लागली. गड्ड्याच्या मधोमध नर्सरीतली लाल चिकट माती तशीच लाडवासारखी बसलेली होती, आणि पावसाळी हवेत ती सुकतच नव्हती.

मुळं सडली की पाणी वर चढत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असूनही झाड तहानेल्यासारखीच मान टाकतं. पानांकडे बघून फरक कळत नाही, तो मातीत कळतो. आता मी बोट दोन पेरं आत घालते आणि कुंडी एका बाजूने तिरकी करून वजन बघते. हलकी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात हे दर तिसऱ्या दिवशी येतं, भर पावसाळ्यात दहा-दहा दिवस येत नाही. जुनी माती धुऊन काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), गांडूळखत आणि थोडी पाइनची साल असं मिश्रण भरलं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात बरेचदा क्षार असतात. कुंडी मुद्दाम तेवढीच ठेवली. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस कोंडून राहते.

टोकं करपण्याचं कारणही पाण्यातच सापडलं. एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी येतं, नळांवर पांढरे थर धरतात ते. त्या दोन महिन्यांत जवळपास प्रत्येक पानाचं टोक तपकिरी झालं, आणि पांढऱ्या पानावर तो डाग लांबूनही दिसतो. मग एसीच्या नळीखाली बादली लावली, ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. जूनपासून पावसाचं पाणी भरून ठेवलं. त्यानंतर उलगडलेल्या पानांची टोकं स्वच्छ आहेत. जुनी टोकं परत हिरवी होत नाहीत, कात्रीने पानाच्या आकारात कापते. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. साचलेले क्षार धुऊन जावेत म्हणून महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन वरून भरपूर पाणी घालते आणि खालून वाहू देते, त्याच वेळी ओल्या सुती कापडाने पानं पुसते. खत दीड-दोन महिन्यांनी, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

ऑगस्टमध्ये कडेने एक संपूर्ण हिरवा फुटवा आला. असा फुटवा ठेवला तर जोमाने वाढून पट्ट्यांच्या पानांना मागे टाकतो. कापून टाकवेना, म्हणून मुळांसकट वेगळा केला आणि सासूबाईंच्या खोलीत दुसऱ्या कुंडीत लावला.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर जागा आधी ठरवा. नावात लिली असली तरी हे अळूच्या कुळातलं झाड. कच्च्या अळूने घसा खाजतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्या पानातही असतात. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. भाची आली की आमची कुंडी उंच स्टुलावर जाते.

आणि हवा शुद्ध होते म्हणून घेणार असाल तर त्यासाठी घेऊ नका. ज्याचा दाखला यासाठी दिला जातो, तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले गेले, तेव्हा नुसत्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील असं निघालं.

फुलांचं सांगायचं राहिलं. आणलं तेव्हा तीन फुलं होती, ती हिरवी पडून वाळली आणि नंतर वर्षभर काही नाही. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. नंतर कळलं की मोठ्या नर्सऱ्या जिबरेलिक आम्ल (झाडांच्या वाढीचं एक संप्रेरक) फवारून फुलं आणतात, त्यामुळे घरी आल्यावरची ही गॅप नेहमीचीच. गेल्या महिन्यात एका देठाच्या खोबणीतून सुरळी वर आली. मी पानच समजले. पण ती इतर सुरळ्यांपेक्षा फुगीर होती आणि उलगडायचं नाव घेत नव्हती. नवव्या दिवशी सकाळी चहा घेऊन खिडकीशी गेले, तर सुरळीची एक कड सुटलेली, आणि आत खरबरीत, फिकट पिवळसर दांडी दिसत होती. सासूबाईंना हाक मारली. त्या चष्मा न लावताच आल्या आणि बोटाने चाचपून म्हणाल्या, "अगं, हे फूलच आहे."