हॉट टबसाठी डेकची तपासणी: न्यू जर्सीतील एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सेवेचा अनुभव

घरामागच्या डेकवर, म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी चौथऱ्यावर, हॉट टब (गरम पाण्याचा मोठा टब) बसवायचा असेल, तर टबच्या दुकानात आगाऊ रक्कम भरण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डेक तपासून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ज्या सेवेविषयी येथे लिहीत आहे, तिचे शुल्क ६५० डॉलर होते आणि काही उणिवा धरूनही ते मला योग्य वाटले. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे हा खर्च टाळतात, कारण टब विकणारा आणि डेक बांधणारा दोघेही ‘काही होत नाही’ असे तोंडी आश्वासन देऊन मोकळे होतात. मात्र तेच आश्वासन सहीनिशी लिहून मागितल्यावर दोघेही विषय बदलतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आमचे घर मिडलसेक्स काउंटीत आहे. मागचे अंगण उताराचे असून तळघराचा दरवाजा थेट अंगणात उघडतो, त्यामुळे स्वयंपाकघराला लागून असलेला डेक जमिनीपासून सुमारे ९ फूट उंच आहे. तो १६ फूट लांब व १२ फूट रुंद असून १९९० च्या दशकात आधीच्या मालकाने बांधून घेतलेला आहे. आम्ही पसंत केलेला टब ७ फूट लांब, तितकाच रुंद आणि सहा माणसांचा होता. त्याचे रिकामे वजन ८०० पाउंड, त्यात मावणारे पाणी ३८० गॅलन. एका गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पाउंड भरते, म्हणजे पाणीच जवळजवळ ३,१७० पाउंडांचे झाले. त्यात सहा माणसांचे १,०५० पाउंड मिळवले की एकूण भार ५,०२० पाउंडांवर, म्हणजे सव्वादोन टनांच्या पुढे जातो. टबच्या ४९ चौरस फुटांवर तो पसरला तरी दर चौरस फुटाला सुमारे १०२ पाउंड पडतात. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार डेकचा आराखडा सामान्यतः दर चौरस फुटाला ४० पाउंड वापराचा भार आणि १० पाउंड डेकचे स्वतःचे वजन धरून केला जातो. संहितेप्रमाणे अगदी बिनचूक बांधलेला डेकसुद्धा टबच्या जागी निम्म्याहून कमी भारासाठी बांधलेला असतो, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते.

दुकानातील विक्रेत्याचा युक्तिवाद वरवर पाहता पटण्यासारखा होता. कोजागरीला तुमच्या डेकवर चाळीस माणसे मसाला दूध पीत उभी राहतात आणि डेक हलतही नाही, मग टबचे काय घेऊन बसलात, असे त्याचे म्हणणे. इंजिनिअरने यावर शांतपणे हिशेब मांडला. १९२ चौरस फुटांच्या डेकवर दर चौरस फुटाला ४० पाउंड म्हणजे एकूण ७,६८० पाउंड होतात, तेव्हा १७५ पाउंडांची ४३ माणसे सर्वत्र पसरून उभी राहिली तर तो भार आराखड्यात बसतो. टबचा भार मात्र डेकच्या जेमतेम पाव भागावर एकवटतो आणि पाहुण्यांसारखा रात्री घरी जात नाही. लाकूड अल्पकाळ जो भार सहज पेलते, तोच वर्षानुवर्षे राहिला तर हळूहळू वाकत जाते आणि त्याची ताकदही कमी पडते, म्हणून लाकडाच्या गणितात कायमस्वरूपी भारासाठी परवानगीची मर्यादा सामान्य वापराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत खाली आणतात. टबमधले पाणी सतत भरलेले असते आणि बाजूच्या फळ्याही ओल्या राहतात, हे वेगळेच.

या सेवेचे खरे मोल मला पुढच्या भागात जाणवले. फळ्यांखालच्या आडव्या तुळया, म्हणजे जॉइस्ट, किती जाड आहेत एवढेच पाहून निकाल दिला जाईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात या गृहस्थांनी भाराचा माग वरच्या फळीपासून थेट मातीपर्यंत काढला: फळीवरून जॉइस्टवर, तिथून एका बाजूला घराच्या भिंतीला जोडलेल्या आडव्या लाकडावर, म्हणजे लेजरवर, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या मुख्य तुळईवर, म्हणजे बीमवर, बीमवरून खांबांवर, खांबांतून त्यांच्याखालच्या काँक्रीटच्या पायावर, म्हणजे फुटिंगवर, आणि अखेरीस मातीवर. फळ्या लाकडी आहेत की कॉम्पोझिट (लाकूड व प्लास्टिकच्या मिश्रणाच्या), यावर दुकानात आमचा बराच वेळ गेला होता. त्यांनी तो विषय एका वाक्यात संपवला.

लेजरपाशी मात्र ते बराच वेळ रेंगाळले, आणि ते योग्यच होते. डेक कोसळण्याच्या घटनांत घराच्या भिंतीशी असलेला जोड सुटणे हे नेहमीचे कारण असते. खिळ्यांनी ठोकलेला लेजर खिळ्यांसकट भिंतीतून ओढला जातो. १२ फूट लांबीच्या जॉइस्टसाठी संहितेच्या कोष्टकाप्रमाणे अर्धा इंच जाडीचे लॅग स्क्रू (लाकडात खोल बसणारे जाड स्क्रू) १५ इंचांवर एक असे हवेत. आमच्याकडे स्क्रू विरळ होते आणि मधल्या जागा खिळ्यांनी भरून काढल्या होत्या. आम्हाला टब स्वयंपाकघराच्या दाराजवळ हवा होता, म्हणजे हिवाळ्यात चार पावलांत घरात येता येईल. पण भिंतीला लागून ठेवल्यास टबच्या भारापैकी ३,५०० पाउंडांहून अधिक हिस्सा लेजरवर येतो. त्यामुळे ७ फुटांच्या त्या पट्ट्यात दर फुटाला टबचेच ५०८ आणि डेकच्या वजनासह सुमारे ५७० पाउंड पडले असते, तर मूळ आराखड्यात ते ३०० धरलेले होते.

त्यांनी लेजरच्या वरच्या कडेला अणकुचीदार हत्यार टोचून पाहिले आणि आर्द्रतामापक लावला. पाणी आत झिरपू नये म्हणून लेजरवर जी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, असायला हवी, ती एका टोकाला नव्हतीच, आणि तेथील लाकूड मऊ लागले. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही आतले लाकूड कुजलेले होते आणि बाहेरून ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. आमचे कुजणे हातभर जागेपुरते होते आणि टब आणला नसता तरी दुरुस्त करणे भागच होते. तपासणीतून निघालेला हा फायदा शुल्काच्या हिशेबात धरायलाच हवा.

मग टब बाहेरच्या बीमकडे सरकवला तर, असे आम्ही विचारले. त्यासाठी त्यांनी मधल्या खांबाशेजारी खणून फुटिंगचा व्यास मोजला, तो १८ इंच निघाला. आमच्या भागातील चिकणमातीसाठी संहिता दर चौरस फुटाला १,५०० पाउंडांची धारणशक्ती गृहीत धरते, त्यामुळे त्या फुटिंगची मर्यादा सुमारे २,६५० पाउंड ठरते. नेहमीच्या वापरात मधल्या खांबावर २,४०० पाउंड येतात, म्हणजे मूळ बांधणाऱ्याने काही चुकीचे केले नव्हते. टब बीमलगत मधोमध ठेवल्यास मात्र टब आणि डेकचे वजन मिळूनच तेथे ३,२५० पाउंड होतात, आणि यात आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांचा हिशेब नाही. बीम दुप्पट जाड करा, जॉइस्ट १६ ऐवजी १२ इंचांवर बसवा, हे सल्ले सर्रास ऐकू येतात, पण खालचे फुटिंग तेच राहिले तर खांब हळूहळू जमिनीत रुतणार, हे कोणी सांगत नाही.

अहवालात दोन मार्ग सुचवले होते. पहिला म्हणजे डेकवर अवलंबून नसलेली स्वतंत्र चौकट टबखाली उभारणे. तिचे चार जाड खांब, प्रत्येकाला गोठणरेषेच्या (हिवाळ्यात माती जेथवर गोठते त्या खोलीच्या) खाली, म्हणजे साधारण तीन फूट खोल नेलेले नवे फुटिंग, आणि ९ फुटांच्या उंचीमुळे आडवे डोलणे रोखण्यासाठी तिरके टेकू. भार चौघांत वाटला की प्रत्येक खांबावर टबचे जेमतेम १,२५५ पाउंड येतात, त्यामुळे फुटिंग फार मोठे लागत नाही. खर्च वाढतो तो खोदकाम आणि टेकूंमुळे. दुसरा मार्ग साधा होता: टब डेकवर चढवूच नये, खाली तळघराच्या दारासमोर दाबून बसवलेल्या खडीवर चार इंच जाडीचा, आत सळईची जाळी घातलेला काँक्रीट स्लॅब ओतावा आणि त्यावर टब ठेवावा. आम्ही हा दुसरा मार्ग घेतला. वरून डेकच्या फटींतून पाणी ठिबकते, हा त्याचा तोटा आहे आणि तो अहवालात आधीच नमूद होता. स्वतःच्या कामाचे शुल्क वाढेल असा आराखडा सोडून स्वस्त उपाय सुचवणारा सल्लागार दुर्मीळ, म्हणून याची नोंद करतो.

उणिवा सांगायच्या तर, अहवाल अत्यंत त्रोटक आणि आकडेमोडीने भरलेला होता. कोणता भार कोठून आला हे दाखवणारे एखादे चित्र असते, तर घरातील इतरांनाही तो समजला असता. वरचा सगळा खुलासा मी फोनवर प्रश्न विचारून मिळवलेला आहे. टबला लागणारा २४० व्होल्ट, ५० अँपिअरचा वेगळा विद्युतपुरवठा आणि टबपासून किमान ५ फुटांवर, पण नजरेच्या टप्प्यात असावा लागणारा बंद करण्याचा स्विच, यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे हे मान्य. तरी टबची जागा ठरवताना त्याचाही विचार करावा लागतो, हे एका ओळीत सांगता आले असते.

पुण्यातील नातेवाइकांनी हा अहवाल त्यांच्या गच्चीला लागू पडेल का, असे विचारले. तेथील बांधकाम आरसीसीचे असते, त्यामुळे लेजर वगैरे काही लागू नाही, पण भाराचा प्रश्न तसाच उभा राहतो. भारतीय मानकात वापरात असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापराचा भार धरतात, तर आमच्या टबचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास जातो. तेव्हा त्यांनीही इमारतीचे मूळ आराखडे घेऊन तेथील स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडेच जावे, असे मी कळवले.

ही सेवा घेणाऱ्यांनी आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. तपासणीत फुटिंगशेजारी खणणे आणि लेजरजवळची फळी उचलून पाहणे समाविष्ट आहे का, अहवालावर सही आणि शिक्का असेल का, आणि टाऊनशिपच्या (स्थानिक प्रशासनाच्या) बांधकाम विभागाने शंका काढल्यास तिचे उत्तर त्याच शुल्कात मिळेल का, हे लेखी ठरवून घ्यावे. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी शुल्कात होत्या. टाऊनशिपला पाठवलेल्या स्पष्टीकरणाचे मात्र वेगळे बिल आले.